बर्फ लावा, पण कापडातून

पोरगं पाय मुरगळून आलं, की फ्रीजरमधला बर्फ काढून थेट सुजेवर दाबायचा, ही रीत आता घरोघरी झालीय. ताज्या दुखण्यावर गरम शेक देऊन चोळत बसण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. पण उघड्या कातडीवर बर्फही भाजतो, बरं का! पातळ पंच्यात गुंडाळून, घड्याळ बघून १०-१५ मिनिटं धरा, मग काढाच. ‘जास्त धरलं की लवकर उतरेल’ हे मला मुळीच पटत नाही. बचतगटात मी हटकून सांगते : मधुमेहाने पाय बधिर झालेल्या सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावू नका. कातडी करपली तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम लवकर भरतही नाही. भाजल्यावर तर बर्फ नकोच. २० मिनिटं नळाचं साधं पाणी. आणि पाऊल टेकवतच नसेल, तर बर्फ धरून बसू नका, एक्स-रे काढून आणा.