नजर आणि भिंत

लातूरच्या गंजगोलाईत संध्याकाळी सात वाजता बाई एकटी फिरत असेल तर तिला सारखं मागे वळून पाहावं लागत नाही. गर्दी असते, दुचाकी अंगावर येतात, गर्दीचा गैरफायदा घेणारेही असतात. पण ती ओरडली तर चार दुकानदार गादीवरून उठतात. याचं श्रेय मी पोलीस चौकीच्या आधी नगररचनाकार फैयाजुद्दीन यांना देते. गोलाईचा आराखडा त्यांचा. १९१७ मधली दुमजली गोल इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि भोवताली फुटलेले सोळा रस्ते. कुठे सोनं, कुठे चपला, कुठे मिरची, कुठे गूळ. प्रत्येक दुकानाचं तोंड रस्त्याकडे, म्हणून प्रत्येक दुकानदाराचंही. मध्ये उभं राहिलं की सगळ्या रस्त्यांची तोंडं दिसतात आणि आपणही सगळ्यांना दिसतो. इथली शोभा आणि इथला धीर एकाच आराखड्यातून आले आहेत.

जेन जेकब्स या लेखिकेने १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या गल्ल्या पाहून हेच मांडलं, की रस्ता राखते ती तिथे राहणाऱ्यांची, विकणाऱ्यांची, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर. आपल्या गावांत पारावर बसणारी म्हातारी माणसं हेच काम करत आली. अर्थात पारावर बाया क्वचितच बसल्या. ही उणीव शहराने भरून काढायला हवी होती.

शहराने केलं उलटंच. बाग म्हटली की आधी पुरुषभर उंचीची भिंत, वर जाळी, फाटकाला कुलूप आणि वेळांची पाटी. आत मेंदीची दाट कुंपणं. चौकात हायमास्टचा लखलखाट, आणि पायवाटेवर, लिंबाच्या झाडाखाली मिट्ट काळोख, कारण दिवा फांद्यांच्या वर आहे. बागेची भिंत चोराला अडवते असं आपण मानतो. मला ती आतल्या मुलीला रस्त्यापासून तोडणारी वाटते. बाहेरच्या कुणालाच ती मुलगी दिसत नाही. मुंबईच्या शिवाजी पार्कभोवती कट्टा आहे, बसण्याच्या उंचीचा. मैदानाची हद्द तोच सांगतो, आणि त्यावर बसलेली शेकडो माणसं मैदानही पाहतात, रस्ताही.

नांदेडमध्ये याचा वेगळा धडा मिळतो. सचखंड श्री हजूर साहिब या गुरुद्वाऱ्याच्या परिसरात देशभरातून माणसं येतात. या तख्त साहिबच्या सेवेसाठी गोदावरीचं पाणी घागरीतून आणण्याची प्रथा आहे आणि ते येतं उजाडायच्या कितीतरी आधी. म्हणजे नदी आणि गुरुद्वारा यांच्यामधली वाट शहर झोपलेलं असतानाही जागी असते. ऑक्टोबर २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीची, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबला गुरुपद मिळाल्याची, त्रिशताब्दी झाली. त्या निमित्ताने केंद्राच्या नेहरू नागरी पुनर्निर्माण अभियानातून शहराचे रस्ते आणि गोदाकाठ पालटला. पायऱ्या झाल्या, दगडी बांधकाम झालं. मात्र गुरुद्वाऱ्यापासून जसजसं दूर जावं तसतशी काठावरची वर्दळ विरळ होत जाते. घाट तोच, दगड तोच. पण तिथे संध्याकाळी यायला निमित्त नाही. चहाची टपरी नाही, लेकरांना खेळायला जागा नाही, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, तर कुठली बाई तिथे अंधार पडेपर्यंत थांबेल? आणि बाया थांबत नाहीत तिथे कुटुंबं थांबत नाहीत. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या 'व्हाय लॉइटर?' या २०११ मधल्या पुस्तकात हे नेमकं पकडलं आहे. बाईला घराबाहेर असण्यासाठी काम दाखवावं लागतं. नुसतं बसण्याचा हक्क तिला अजून मिळालेला नाही.

जागेची रचना हरली की हुकूम येतो. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणी भरण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं. जिथे सगळ्या शहराला यावंच लागत होतं, तिथेच पाचपेक्षा जास्त माणसांनी एकत्र यायला बंदी. त्या दुष्काळी उन्हाळ्यात प्रशासनाची अडचण खरीच होती, मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पण माणसं एकत्र येणं हाच धोका, ही समजूत उन्हाळा सरल्यावरही आपल्या आराखड्यांत राहिली आहे.

ती सगळ्यात जास्त भोवते लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मुलींना. परीक्षेच्या तयारीच्या 'लातूर पॅटर्न'च्या ओढीने बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या या सोळा-सतरा वर्षांच्या पोरी क्लास सुटल्यावर, अभ्यासिका बंद झाल्यावर खोलीवर परततात. वाटेत पोह्याचा गाडा, झेरॉक्सचं दुकान, मेस उघडी असली की त्या रमतगमत चालतात. ती ओळ संपली की पावलं भरभर पडू लागतात. कॅमेरे लागले, ते हवेतच. पण कॅमेरा घडून गेल्यावर दाखवतो, गाडेवाली मावशी घडायच्या आधी हाक मारते. अतिक्रमण हटाव मोहिमेत सगळ्यात आधी उचलला जातो तो तिचा गाडा.

म्हणून लातूर महापालिकेकडे माझं मागणं साधं आहे. अभ्यासिकांपासून वसतिगृहांपर्यंतच्या रस्त्यांवर हातगाड्यांना आखून जागा आणि परवाने द्या. दिवे फांद्यांच्या खाली आणा. बागांच्या भिंती बसता येईल इतक्या उतरवा. आणि हे ठरवताना एकदा रात्री साडेनऊला त्या मुलींसोबत तो रस्ता चाला. दिवा कुठे हवा ते त्या बोट दाखवून सांगतील.