अर्धशिशीचा हिशेब

मायग्रेन म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांचा आजार, असं आमच्या बीड जिल्ह्यात बहुतेकांचं ठाम मत आहे. एसीत बसायचं, रात्र रात्र जागायचं, वेळेवर जेवायचं नाही, मग डोकं नाही दुखणार तर काय! आणि पुण्यात माझ्या ऑफिसमध्ये नेमकं उलटं मत: गावाकडे कशी मोकळी हवा, टेन्शन नाही, त्या लोकांना कुठला आलाय मायग्रेन. दोन्ही मतं ऐकायला छान आहेत, आणि दोन्ही चुकीची आहेत.

बंगळूरच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी शहरात आणि आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन डोकेदुखीची पाहणी केली होती. २०१५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रौढ माणसांपैकी साधारण दर चौघांत एकाला वर्षभरात मायग्रेन झालेला होता. बायकांमध्ये तो पुरुषांपेक्षा बराच जास्त. आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त! २०१९ सालचा अख्ख्या देशाचा अंदाज आहे २१ कोटींचा. एवढे लोक काही हिंजवडीत मावायचे नाहीत.

तसंही हा शब्द आपल्याकडे नवा आहे, दुखणं नाही. ग्रीक भाषेतला 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धं डोकं, त्याचाच झिजून झिजून 'मायग्रेन' झाला. सुश्रुतसंहितेत अर्धावभेदक आहे, आणि आपल्या आजीच्या तोंडी अर्धशिशी. तिन्ही ठिकाणी माणसं एकच गोष्ट सांगतायत: अर्ध्या डोक्यात कोणीतरी घण मारतंय. (प्रत्येकाचं अर्धंच दुखतं असं नाही, काहींचं पूर्ण दुखतं. पण नाव पडलं ते पडलं.) उलटी, उजेड सहन न होणं, भांड्याचा आवाजसुद्धा डोक्यात जाणं, हे सगळं त्यातच आलं.

आता बीडचं बघा. मायग्रेन भडकायची जी कारणं डॉक्टर सांगतात, उपाशी पोट, अपुरी झोप, ऊन, पाणी कमी पिणं, पाळीच्या दिवसांतला हार्मोन्सचा उतार, ती सगळी एका माणसात गोळा करायची ठरवली तर ऊसतोडीला जाणारी बाई तयार होते. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. पहाटे अंधारात उठून फडावर, दिवसभर तोडणी, मोळ्या डोक्यावरून वाहायच्या, आणि ट्रक-ट्रॅक्टर येईल तेव्हा भरायचं, मग रात्रीचे किती का वाजेनात. उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जाणार. माझा मायग्रेन मी 'वर्क फ्रॉम होम' असा मेल टाकून, पडदे ओढून काढू शकतो. तिला अंधारी खोली सोडा, सावलीसुद्धा नाही. मग उरते काय, तर गोळी. गावातल्या किराणा दुकानात बिस्किटाच्या पुड्याशेजारी मिळणारी.

माझं जे म्हणणं आहे ते इथून सुरू होतं. मायग्रेनपासून आराम कशाने मिळतो असं विचारलं की आपण लगेच उपायांची यादी करायला बसतो. हा बाम, ती गोळी, तो वैद्य, अमक्याच्या मेव्हण्याला गुण आला ते तेल. मला वाटतं आराम उपायातून येतो त्याच्या आधी हिशेबातून येतो. महिन्यात किती दिवस डोकं दुखलं आणि किती दिवस गोळी घेतली, हे दोन आकडे. बस्स. हे दोन आकडे ज्याच्याकडे नाहीत त्याला जगातला चांगला डॉक्टरही अंदाजानेच औषध देणार. लॉग नसताना बग शोधण्यासारखं आहे ते.

एवढं महत्त्व का, तर गोळीनेच डोकं दुखायला लागतं म्हणून. हे पहिल्यांदा ऐकलं की लोकांना चेष्टा वाटते. पण डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात (२०१८ ची आवृत्ती) हा स्वतंत्र आजार आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, किंवा अनेक औषधं एकत्र असलेली गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांपेक्षा अधिक चाललं, तर मूळ मायग्रेनवाल्याचं डोकं महिन्यातले निम्म्याहून अधिक दिवस दुखायला लागू शकतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आजार वाढला.

आणि आपल्याकडची लाडकी सॅरिडॉन ही तीन औषधांची मिळून झालेली आहे: प्रोपिफेनाझोन, पॅरासिटामॉल आणि कॅफिन. म्हणजे तिला १० दिवसांची रेघ लागू. २०१८ साली सरकारने तीनशेहून अधिक मिश्र औषधांवर बंदी घातली तेव्हा हिचंही नाव त्यात होतं, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१९ मध्ये ती सुटली. बंदी असावी की नसावी ह्यावर भरपूर चर्चा झाली. महिन्यात किती दिवस घ्यावी, ह्यावर कोणी बोललं का? दुकानदार तर नाहीच सांगणार. चहाबरोबर घेतली की लवकर उतरते, एवढंच ज्ञान पिढ्यानपिढ्या पुढे जातंय.

माझ्या अंबाजोगाईच्या मावशीच्या स्वयंपाकघरात 'कालनिर्णय' टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचे खाडे लिहिलेले असतात. कोणत्या तारखेला दूध आलं नाही, कधी अर्धा लिटर जास्त घेतलं, सगळं. चाळीस वर्षांत गवळ्याला एक रुपया जास्त गेलेला नाही. मागच्या वर्षी मी तिला म्हटलं, "मावशी, त्याच चौकोनात डोकं दुखलं की फुली मार, आणि गोळी घेतली की फुलीभोवती गोल कर." तिने आधी मला वेड्यात काढलं. "डोकं दुखायलंय तवा पेन कोण शोधतंय रे?" पण केलं. तीन महिन्यांची पानं घेऊन आम्ही डॉक्टरकडे गेलो. गोलांची बेरीज महिन्याला १४, १६, १३. इतकी वर्षं ती प्रत्येक डॉक्टरला "कधी कधी घेते" असंच सांगत होती, आणि खोटं बोलत नव्हती. दुखणं संपलं की माणूस विसरतो, विसरायलाच हवं, नाहीतर जगणार कसा. म्हणून तर कागद पाहिजे.

डॉक्टरांनी रोजची गोळी थांबवली. पहिला आठवडा वाईट गेला, अगदी वाईट, आणि तसा तो जाणार हे त्यांनी आधीच बजावलं होतं म्हणून निभावलं. सोबत रोज रात्री घ्यायचं एक औषध दिलं, दुखणं येऊच नये म्हणून. आता फुल्या महिन्याला चार-पाच असतात. बरी झाली का? नाही. पण पंधरा आणि पाचमध्ये जो फरक आहे तो तिला विचारा.

हे 'येऊ नये म्हणून' घ्यायचं औषध असतं हेच मुळात फार लोकांना माहीत नाही. प्रोप्रॅनोलॉलची गोष्ट मजेशीर आहे. औषध हृदयाचं, शोधणारे जेम्स ब्लॅक, त्यांना पुढे १९८८ चं नोबेलही मिळालं. १९६६ च्या सुमारास छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या रुग्णाचा मायग्रेनही कमी झाला, आणि असा योगायोगाने हा उपयोग कळला. आज ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मायग्रेन टाळण्यासाठी म्हणून आहे, आणि जेनेरिक असल्याने स्वस्तही आहे. दमा असणाऱ्याला मात्र चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन दुसरं. ते नैराश्यावरचं जुनं औषध, मायग्रेनला त्याचा छोटा डोस देतात. इथे आपले सुशिक्षित लोक गोची करतात. नाव गूगल करायचं, 'डिप्रेशन' दिसलं की "मला काय वेड लागलंय का" म्हणून बंद! तिसरं एक सांगून ठेवतो, व्हॅल्प्रोएट. मूल व्हायचं वय असलेल्या बाईला ते लिहून दिलं असेल तर डॉक्टरला नक्की विचारा, कारण पोटातल्या बाळाला ते धोक्याचं आहे. ही औषधं आपल्या मनाने चालू किंवा बंद करायची नाहीत. आणि गुण यायला दीड-दोन महिने लागतात, तोवर कालनिर्णयावरच्या फुल्यांशिवाय तुम्हाला काही समजणार नाही.

झटका आल्यावर घ्यायची खास औषधंही आहेत. सुमाट्रिप्टान १९९१ मध्ये बाजारात आलं. सुरुवातीलाच घेतलं तर चांगलं काम करतं, हृदयविकार असेल तर नाही, आणि त्यालाही १० दिवसांचीच मर्यादा. अलीकडे सीजीआरपी नावाच्या रेणूला अडवणारी इंजेक्शनं आली, अमेरिकेत पहिल्याला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. त्या संशोधनासाठी २०२१ चं 'ब्रेन प्राइझ' चौघांना विभागून दिलं गेलं. मोठंच काम आहे, पण त्याची किंमत साध्या पगाराच्या माणसाला झेपणारी नाही, म्हणून इथे जास्त लिहीत नाही.

आता घरगुती उपायांबद्दल. सूर्योदयाआधी जिलेबी आणि दूध, नाकात तुपाचे थेंब, सुंठेचा लेप, आणि मंत्र टाकून अर्धशिशी उतरवणारे बाबा, आमच्याकडे सगळं चालतं. मी ह्यांना हसत नाही. सुंठेच्या लेपाने कोणाचं नुकसान होत नाही, आणि उपाशी पोट हे कारण असणाऱ्याला पहाटेची जिलेबी मानवतही असेल :) पण एक लक्षात घ्या. काहीही केलं नाही तरी मायग्रेनचा झटका ४ ते ७२ तासांत आपोआप उतरतो. म्हणजे शेवटी जो कोणी काही करेल त्याला श्रेय! सर्व्हर आपोआप परत सुरू होतो आणि त्या क्षणी ज्याने माऊस हलवला तो हिरो, हे आपण ऑफिसात पाहिलंच आहे. उपाय लागू पडला का हे एका झटक्यावरून कधीच कळत नाही, महिन्यांच्या बेरजेवरून कळतं.

मोजणी करणाऱ्यांचं मला म्हणूनच फार कौतुक. कार्ल लॅशली नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला मायग्रेनआधी डोळ्यांसमोर चमकणारी नागमोडी रेघ दिसायची. (मलाही दिसते. स्क्रीनवरची अक्षरंच गायब होतात.) त्याने ती किती वेळात किती सरकते ह्याची चित्रं काढली आणि गणित केलं की मेंदूच्या पृष्ठभागावर काहीतरी मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर वेगाने पसरत असावं. हे १९४१ मध्ये. १९४४ मध्ये ब्राझीलच्या लेआओने सशांच्या मेंदूत साधारण त्याच वेगाने पसरणारी लाट प्रत्यक्ष नोंदवली! आपल्या मुंबईचं उदाहरणही आहे. डोक्यावरून न्हाणं झालं की डोकं उठतं, हे लांब केसांच्या आपल्या बायका कायम सांगत आल्या आणि घरचे "काहीतरीच" म्हणत आले. मुंबईचे डोकेदुखीतज्ज्ञ डॉ. के. रविशंकर ह्यांनी अशा ९४ रुग्णांच्या नोंदी केल्या आणि २००६ मध्ये त्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. बायकांचं म्हणणं कोणीतरी फक्त नीट लिहून घेतलं, तेव्हा ते 'निरीक्षण' झालं.

(अचानक, आयुष्यात कधी नाही अशी भयंकर डोकेदुखी, सोबत ताप, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी, ह्यांना फुल्या मारत बसायचं नाही. सरळ दवाखाना.)

लिहून न घेण्याची किंमत बीडने दुसऱ्या एका बाबतीत मोजलेली आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढल्याच्या बातम्या २०१९ मध्ये गाजल्या, नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली आणि त्यात १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली निघाली. पाळी, अंगावर जाणं, कंबर, पोट, काहीही दुखलं तरी खाडा परवडत नाही, मग एकदाच काय ते काढून टाका. ही मोजणी झाली म्हणून निदान आकडा तरी समोर आला. डोकं काढून टाकता येत नाही, त्यामुळे डोकेदुखीची बातमी होत नाही, गोळ्या चालू राहतात. आणि गर्भाशयासोबत अंडाशयंही काढली गेली असतील तर हार्मोन्स एकदम उतरतात, त्याने मायग्रेन कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला दिसतो.

आमच्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, आशियातलं पहिलं ग्रामीण मेडिकल कॉलेज म्हणून आम्ही ते पाहुण्यांना अभिमानाने दाखवतो. त्यामुळे डॉक्टर नाहीत असं रडगाणं मला गायचं नाही. टोळ्या निघायच्या आधी आणि परत आल्यावर बायकांची तपासणी होते तेव्हा रक्त, वजन, पाळी ह्यांच्यासोबत दोनच प्रश्न वाढवावेत: महिन्यात डोकं किती दिवस दुखतं, आणि गोळी किती दिवस घेता. दुसऱ्याचं उत्तर दहाच्या वर आलं तर तिला डॉक्टरपुढे बसवायचं. ह्याला ना एमआरआय लागतं ना न्यूरोलॉजिस्ट. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये आणखी दोन रकाने, आणि ते भरायला प्रत्येकीमागे जेमतेम अर्धा मिनिट.