हापूसची सोयरीक

मे महिना उजाडला की बंगळुरूच्या जयनगरात, फोर्थ ब्लॉकच्या बाजारात आंब्यांचे ढीग लागतात. रसपुरी, सेंदुरा, तोतापुरी, मल्लिका... नोकरीपायी पुण्या-मुंबईहून तिथे जाऊन राहिलेलं मराठी कुटुंब या ढिगांत पहिल्यांदा शोधतं ते हापूस. नावाने विचारलं तर विक्रेता 'बादामी' पुढे करतो. हा बादामी म्हणजे कर्नाटकात पिकलेला हापूसच, फक्त नाव निराळं. रत्नागिरी-देवगडचा अभिमान असलेली मंडळी थोडं नाक मुरडतात, पण घरी नेऊन कापला की रंग तोच, चव बरीचशी तीच. आणि नशीब आड आलं तर आत निघणारा साकाही तोच!

साका म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. फळ वरून सोन्यासारखं, वास घमघमणारा. कापलं की बाठ्याजवळचा गर पांढुरका, स्पंजासारखा, आंबूस. दाबून, हुंगून, उजेडात धरून कितीही पारखा, बाहेरून काही म्हणता काही कळत नाही. पाव्हण्यांच्या ताटात वाढताना ही गोष्ट उघडकीस येते आणि यजमानीण ओशाळी होते. पैसे गेल्याचं दुःख वेगळंच. हापूसचा दुसरा अवगुण बागायतदाराला छळतो. झाड एका वर्षी लगडतं आणि दुसऱ्या वर्षी रुसून बसतं.

राजाचे हे दोन अवगुण घालवायचे कसे? उपाय आपल्या ओळखीचा आहे. चांगलं स्थळ बघून सोयरीक जमवायची!

ही स्थळं जमवणारी संस्था बंगळुरूतच आहे. जयनगर शहराच्या दक्षिणेला, तर ही पार वायव्येला, हेसरघट्ट्याच्या माळावर. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९६७ साली तिथे फळं, भाज्या आणि फुलांसाठी मोठी संशोधन संस्था उभी केली. जवळच अर्कावती नदी आहे. तिच्यावर १८९४ साली बांधलेल्या तलावातून एकेकाळी बंगळुरूला पाणी मिळत असे. संस्थेने आपल्या वाणांना 'अर्का' हे आडनाव लावलं ते या नदीवरूनच.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चांगल्या आंब्याचा बाठा पेरावा, चांगलं झाड येईल. इथेच गंमत आहे. हापूसच्या बाठ्यातून हापूस उगवत नाही. उगवतं ते हापूसचं मूल, आणि ते आईसारखं निघेलच असं नाही. बहुतेक वेळा नाहीच निघत. म्हणून तर पोर्तुगीजांच्या काळापासून कलमं बांधायची पद्धत पडली. कलम म्हणजे त्याच झाडाची हुबेहूब नक्कल. गुण सगळे येतात, आणि साकाही बरोबर येतो.

कधीकधी निसर्ग स्वतःच एखादी खोडी करतो. पीचच्या झाडावर मध्येच एखादी फांदी अशी निघते, की तिच्या फळाला लव नसते. साल सफरचंदासारखी गुळगुळीत! हेच नेक्टरीन. चार्ल्स डार्विनने १८६८ सालच्या आपल्या ग्रंथात अशा झाडांची उदाहरणं दिली आहेत. आपल्याकडे तासगावजवळच्या बोरगावच्या आरवे मंडळींनी आपल्या द्राक्षबागेतली निराळी वेल हेरली आणि 'तास-ए-गणेश' जन्माला आला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची 'सोनाका' अशीच. शेतकऱ्याची नजर तीक्ष्ण हवी, बाकी काम निसर्गाने केलेलं असतं. पण साका जाईल अशी फांदी हापूसवर निघण्याची वाट कुठवर बघायची?

मग उरते ती हाताने लावलेली सोयरीक. हे काम वाचायला सोपं, करायला महाकठीण. आंब्याच्या एकेका मोहोरावर हजारोंनी फुलं असतात, पण त्यांतली बरीचशी नुसती नर. फळ धरू शकणारी फुलं हुडकायची, बाकीची खुडून टाकायची. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या फुलातले परागकोश चिमट्याने काढायचे, दुसऱ्या जातीचे पराग अलगद टेकवायचे आणि वर पिशवी बांधायची. इतकं करून शेकड्याने फुलांमागे जेमतेम एखाद-दुसरं फळ धरतं. त्यातलं निम्मंअर्धं वाऱ्याने किंवा उन्हाने गळतं. टोमॅटोच्या एका फळात शेकडो बिया. आंब्याच्या एका फळात बाठा एकच. म्हणजे एवढ्या कष्टाने हाती येणारं लेकरूही एकच! म्हणून काही वेळा दोन जातींची कलमं जाळीच्या एकाच पिंजऱ्यात ठेवतात आणि आत घरमाश्या सोडतात. स्वयंपाकघरातून गृहिणी जिला पदराने हाकलते, ती माशी इथे मध्यस्थाचं काम करते.

मग सुरू होते वाट पाहणं. बाठ्यापासून वाढलेलं आंब्याचं झाड पहिलं फळ द्यायला सहा-आठ वर्षं सहज घेतं. मोठ्या झाडावर त्याची काडी बांधली तर थोडी वर्षं वाचतात. पण पहिलं फळ गोड लागलं म्हणून भागत नाही. झाड दरवर्षी फळतं का, हे ठरवायला पुढची अनेक वर्षं मोजावी लागतात. त्याला दुसरा मार्गच नाही. शेकडो रोपांतून दोन-चार निवडायची आणि बाकीची, पोटच्या पोरासारखी वाढवलेली, काढून टाकायची. तिशीत पराग टेकवणारा शास्त्रज्ञ निवृत्तीच्या वेळी त्या फळाचं नामकरण करतो म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती नाही.

हेसरघट्ट्याला डॉ. सी. पी. ए. अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम चिकाटीने केलं. हापूससाठी आंध्रचा बनगनपल्ली हे स्थळ पाहिलं. हापूस आई आणि बनगनपल्ली बाप, या जोडीचं लेकरू 'अर्का पुनीत'. तीच जोडी उलटी केली, बनगनपल्लीला आई केलं, तर 'अर्का अरुणा'. आई-बाप तेच, पण भावंडं किती वेगळी! पुनीतचं फळ मध्यम, टिकाऊ, गोड. अरुणाचं झाड बुटकं आणि फळ चांगलं अर्ध्या किलोच्या आसपास. जनार्दन पसंद या जातीशी हापूसचा संकर होऊन 'अर्का अनमोल' आला आणि नीलमशी होऊन 'अर्का नीलकिरण'. चारही झाडं दरवर्षी फळतात. आणि पुनीत, अनमोल, नीलकिरण कापा, साका नाही!

कोकणही मागे नव्हतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली 'रत्ना' दिला. मग रत्नाचा संकर पुन्हा हापूसशीच करून १९९२ साली 'सिंधू' आणला. त्याचा बाठा इतका पातळ, की लोक त्याला बिनकोयीचा आंबा म्हणू लागले.

इतकं सगळं असून बाजारात गिऱ्हाईक अजून मागतं ते 'हापूस' आणि 'बादामी'च. बागायतदार तरी काय करणार? ज्याचं नाव चालतं त्याचीच कलमं तो लावणार. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, नावाचं वजन आणखी वाढलं. दोष थोडा आपलाही आहे. साका निघाला की आपण विक्रेत्याला बोल लावतो, पण शेजारच्या ढिगातला अनोळखी आंबा एकदा चाखून बघत नाही. दिल्लीत नीलम आणि दशहरीच्या संकरातून तयार झालेल्या मल्लिकेला मात्र बंगळुरूच्या बाजाराने मनापासून आपलंसं केलं. तिची एक खोड लक्षात ठेवावी: घाई केली तर आंबट लागते. साल पिवळी होऊन थोडी सुरकुतेपर्यंत थांबलं, की मग बघा.

दरम्यान, साक्याचं मूळही याच हेसरघट्ट्यात उकललं. २००४ च्या सुमारास रवींद्र आणि शिवशंकर या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की फळ झाडावर असतानाच आतला बाठा रुजायची तयारी करू लागतो आणि त्यापायी भोवतालचा गर बिघडतो. म्हणजे आईच्या पोटातच पोर चालायला निघालं! कोकणातले जुने लोक आंबा पुरता न पिकू देता 'चौदा आण्यां'वर उतरवतात, त्यातलं शहाणपण यावरून ध्यानात येतं. संस्थेने पुढे फळ झाडावर असताना वापरायचं एक औषध काढलं. त्याचं नाव 'अर्का साका निवारक'. बंगळुरूच्या संस्थेच्या औषधाच्या नावात कोकणातला शब्द थेट जाऊन बसला!

म्हणून सोयरिकी थांबल्या असं नाही. अर्का अनमोलचा संकर आम्रपालीशी झाला आणि 'अर्का उदय' हे नवं नाव यादीत आलं. आम्रपालीची आई लखनौकडची दशहरी, बाप दक्षिणेचा नीलम. अनमोलचा बाप जनार्दन पसंद आणि आई आपला हापूस. या हिशेबाने फळांचा राजा हापूस हा अर्का उदयची बापाकडची आजी लागतो!