चूल आणि चोपडी

“ती काही करीत नाही, घरी बसून चार डबे करून देते,” असे उद्गार आपण पुष्कळदा ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. तथापि या एका वाक्यात केवढा अन्याय भरलेला आहे! जी स्त्री पहाटे पाच वाजता उठून पन्नास पोळ्या लाटते, ती ‘काही करीत नाही’, असे कसे म्हणता येईल? घरच्या स्वयंपाकघरातला धंदा हा इतर कोणत्याही धंद्याइतकाच खरा धंदा होय, आणि तो करणाऱ्याने आपल्या श्रमांची किंमत निःसंकोचपणे हिशेबात धरली पाहिजे, असे माझे मत आहे.

अन्नदान हे आपल्याकडे श्रेष्ठ पुण्य मानले गेले आहे. दारी आलेल्या भुकेल्याला विन्मुख पाठवू नये, ही शिकवण थोरच आहे. परंतु तिचा एक विपरीत परिणाम असा झाला, की अन्नाचे पैसे मागताना रांधणारीची जीभ अडखळू लागली. अतिथी आणि गिऱ्हाईक यांतील भेद आपण विसरलो. अतिथी एखादे दिवशी येतो; गिऱ्हाईक रोज येते, आणि त्याचे जेवण शिजविण्यात कुणाचे तरी रोजचे आयुष्य खर्ची पडते.

मुंबईच्या गिरणगावाचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडाच्या गिरण्या उभ्या राहिल्या, आणि कोकणातून, सातारा-कोल्हापुराकडून हजारो माणसे तेथे कामाला आली. बायकामुले गावी राहिली. एकेका खोलीत अनेक गडी दाटीवाटीने राहू लागले. त्यांच्या जेवणाची सोय चाळीतल्याच बायकांनी केली. एका खोलीच्या संसारात, घरच्याच चुलीवर, त्या महिन्याच्या बोलीने खानावळ चालवीत. गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे त्यांना जेवणाच्या वेळा सांभाळाव्या लागत. कामगार पैसे देणार ते पगार झाल्यावर. पण पीठ, तेल, डाळ तर रोज हवी! मग वाण्याकडून उधारीवर जिन्नस आणावयाचा, नड पडली की दागिना गहाण ठेवावयाचा आणि मिळकतीतला मोठा वाटा व्याजात घालवावयाचा, असे चक्र चाले. जिचा धंदा कुणी धंदा समजतच नव्हते, तिला बँक कर्ज तरी कसे देणार?

1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. खानावळ चालविणाऱ्या बायकांना एकत्र आणावे आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून द्यावे, हे कार्य मंडळाने हाती घेतले. या बायकांपाशी तारण ठेवण्याजोगी मालमत्ता नव्हती. होती ती रोजची मेहनत आणि एकमेकींचा भरवसा. त्या बळावर त्यांचे नाव बँकेच्या वहीत लागले. नाव वहीत लागणे ही लहान गोष्ट नव्हे. आजवर जे काम ‘घरकाम’ म्हणून अदृश्य होते, ते त्या दिवशी ‘व्यवसाय’ म्हणून डोळ्यांना दिसू लागले.

पुढे 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. तो दीर्घकाळ रेंगाळला; कित्येक कामगार गावी परतले. जेवणाऱ्याचा पगार थांबला की रांधणारीची चूलही थंडावते, हे तेव्हा दिसून आले. गिरणीचे आणि खानावळीचे भवितव्य असे एकाच सूत्राने बांधलेले होते.

ही झाली महानगराची गोष्ट. आता आमच्या तालुक्याच्या गावातली एक लहानशी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वहिनींनी नोकरदार मंडळींना दोन वेळचे डबे देण्यास आरंभ केला. एके दिवशी त्या जमाखर्चाची चोपडी घेऊन माझ्याकडे आल्या. डबे बारा, दर डब्यास महिना 2500 रुपये. एकूण जमा 30,000 रुपये. किराणा, भाजी आणि गॅस मिळून खर्च 24,600 रुपये. उरले 5,400 रुपये. “सर, एवढा नफा झाला!” त्या आनंदाने म्हणाल्या.

मी विचारले, “वहिनी, आपली मजुरी कोठे लिहिली आहे?”

त्या हसल्या. “माझ्या हातांचे कसले पैसे धरायचे, सर? घरचेच तर काम!”

आम्ही हिशेब करून पाहिला. सकाळी चार तास, सायंकाळी तीन तास. महिन्याचे 26 दिवस. एकूण 182 तास. म्हणजे तासाला जेमतेम 30 रुपये! ज्याला त्या नफा म्हणत होत्या, तो नफा नव्हताच. ती होती अपुरी मजुरी. वहिनी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या.

पुढल्या महिन्यापासून त्यांनी दर डब्यास 200 रुपये वाढविले. दोघांनी डबा बंद केला. वहिनी धास्तावल्या. पण महिनाअखेर चोपडी पाहिली, तो दहा डब्यांचे 27,000 रुपये जमा, 20,500 रुपये खर्च आणि शिल्लक 6,500 रुपये! दोन डबे कमी होऊनही शिल्लक वाढली होती. दर वाढविला तर गिऱ्हाईक तुटेल, ही भीती अगदीच खोटी नाही; परंतु भीतीने ठरविलेल्या दरापेक्षा हिशेबाने ठरविलेला दर केव्हाही बरा.

अर्थात पुरी किंमत घ्यावयाची, तर अन्नही तसेच निर्मळ द्यावयास हवे. अन्नसुरक्षेच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी करावी लागते. पण नोंदणीचा कागद भिंतीवर असतो. भाजी धुतली की नाही, कालचे वरण आज डब्यात गेले की काय, हे पाहणारे तेथे दुसरे कोणी नसते. बंद डबा उघडून निःशंकपणे घास घेणारा माणूस आपल्यावर विश्वास टाकीत असतो. तो विश्वास हे या धंद्याचे खरे भांडवल होय.

मुलांनो, आईच्या हातच्या घासाचे मोल करता येत नाही, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण म्हणून त्या हातांच्या श्रमाला मोलच नाही, असे मात्र नव्हे. घरातल्या मुलीला चोपडी लिहिता आली पाहिजे आणि मुलाला चूल सांभाळता आली पाहिजे. एक दिवस पहाटे उठून नुसती कणीक मळून पाहा. मग ‘घरी बसून’ हे शब्द तुमच्या तोंडून सहजासहजी निघणार नाहीत.