ताटात दडलेली साखर

“आमच्या घरी गोड फारसे कोणी खात नाही, मग शुगर कशी निघाली?” हा सवाल अनेक घरांत ऐकू येतो. गोड कमी खाता हे उत्तमच. पण दिवसभराचे ताट आठवून पाहा. सकाळी चहात बुडवलेली खारी, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यावर पातळ सालन, संध्याकाळी पुन्हा चहा-टोस्ट, रात्री दहानंतर तांदळाची रोटी. मैदा आणि पांढरा तांदूळ यांचे पोटात झपाट्याने ग्लुकोज होते. ती साखर पेशींत पोहोचवण्यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. पोटावर आणि यकृतात चरबी साठत गेली की पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. स्वादुपिंड जास्त राबते आणि काही वर्षांनी थकते.

अंगाने बारीक असलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंची-वजनाचे प्रमाण, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

घरातल्या बाईकडे तर कोणाचे लक्षच नसते. सर्वांना वाढून ती शेवटी बसते, तोवर गोश्त संपलेले असते. मग उरलेला भात, ‘वाया कशाला घालवायचा’ म्हणून, तिच्याच पोटात. गरोदरपणी साखर वाढलेली असेल, तर पुढे मधुमेहाचा धोका तिला अधिक असतो. बाळंतपणानंतर ती तपासणी बहुतेक विसरली जाते. सासूबाईंनी आणि शोहरांनी ती आठवणीने करून घ्यावी.

बिर्याणी सोडा असे मी म्हणणार नाही. कोणी ऐकणारही नाही. मात्र आधी काकडी-कांदा, डाळ, मासे किंवा गोश्त खा आणि भात शेवटी, एक वाटी. या क्रमाने जेवणानंतरची साखर कमी चढते. शरबताऐवजी पाणी, रसाऐवजी अख्खे फळ. खजूरही मोजूनच.

उपाशीपोटी साखर १०० ते १२५ आली, तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची समजतात. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये असाच धोका असलेल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांत नेहमीसारखे राहणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार सुधारून चालणे वाढवणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते, तेही गोळीशिवाय.