सन पाठ, ओव्या सपाट!

आमच्या मित्रांचा एक कट्टा आहे. पूर्वी तो पारावर भरे, आता मोबाइलवर भरतो. तिथे दोनच विषयांना मान : कविता आणि यंत्र. एक विचारतो, ‘बालकवींचे पूर्ण नाव काय?’ दुसरा लगेच ठोकतो, ‘त्र्यंबक बापूजी ठोंबरे!’ तिसऱ्याची बॅटरी दुपारीच उतरलेली असते. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, आणि स्क्रीनचा उजेड कमी कर, ही दोन्ही उत्तरे एका दमात मिळतात. गंमत आहे. मीही तिथलाच; तेव्हा सोवळेपणाचा आव आणत नाही.

परंतु गेल्या श्रावणातली एक गोष्ट मला अजून टोचते आहे. कोणी तरी विचारले, ‘बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपाने केव्हा आली?’ ज्याने सर्वांच्या आधी ‘१९५२’ म्हणून बाजी मारली, त्यानेच तासाभराने कुरकुर केली, की मोबाइलमध्ये जागा उरली नाही. सल्ल्यांचा पाऊस पडला. ‘जुनी रेकॉर्डिंगे पुसून टाक,’ हा सल्ला माझा. त्याने पुसली. त्यात त्याच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या गेल्या. आई आधीच गेली होती. सुप्रभाताची गुलाबफुले मात्र शाबूत राहिली!

अशा वेळी यंत्राला शिव्या घालून मोकळे होणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला ते मान्य नाही. यंत्राने त्या माउलीचा आवाज इमानाने सांभाळला होता. पुसला तो आम्ही. दोष आमच्या काव्यप्रेमाचा आहे. कविता म्हणजे टोपणनाव, जन्मसाल आणि पारितोषिक, एवढीच आमची समजूत. ती लावली कोणी? आम्हा मास्तरांनीच! ‘कवीचे नाव लिहा, गुण एक.’

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या. पुढे पुत्र सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक झाले. तो सन हा कोड्याचा जबाब नव्हे. मुलाने आईचे ऐकले, त्याची ती पावती आहे.

कोणी म्हणेल, ‘प्रत्येकाची आई काही बहिणाबाई नसते.’ नसेना! हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या इंटरनेटवर प्रसिद्ध होऊ लागल्या. त्यांनी ‘बाई, तुम्ही प्रसिद्ध आहात का?’ असे विचारून वही उघडली नव्हती.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत कोडी जरूर घाला, बॅटरीची चर्चाही करा. पण फराळाच्या ताटावर एखादी आजी सहज काही गुणगुणली, तर तोंडातली चकली आवरा आणि मोबाइल तिच्यापुढे धरा. मग ते गाणे वहीतही उतरवा. त्याखाली तिचे नाव लिहा. पूर्ण नाव. तो एक गुण तिचा आहे. आजवर आपण तो तिला दिलेला नाही.