हात बसतो, झोप मात्र मोडते

चाळिशी उलटल्यावर संगणकावर गेम खेळावेत का, असा प्रश्न हल्ली अनेकजण विचारतात. उत्तर देण्यापूर्वी स्वतःची चूक कबूल केलेली बरी.

महाविद्यालयात असताना, २००२ च्या सुमारास, कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत 'काउंटर-स्ट्राइक' खेळण्यात मी पटाईत होतो. पुढे नोकरी आणि संसारात माऊस कामापुरताच उरला. मग भाच्याने 'मार्व्हल रायव्हल्स' दाखवला. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला हा गेम फुकट खेळता येतो. पैसे लागतात ते नायकांच्या नटण्यामुरडण्याला. सहा-सहा जणांचे दोन संघ, आणि स्पायडर-मॅन, आयर्न मॅन, हल्क यांसारखे नायक. आमच्या वेळी बंदूक आणि नेम एवढेच होते. येथे प्रत्येक नायकाच्या निराळ्या करामती. कोणी कुठून उडी मारली हे कळण्याआधीच आपण बाद! भाचा हसून म्हणाला, "मामा, तुम्ही मागे राहून बाकीच्यांना बरं करा."

ही थट्टा मला झोंबली. आठवडाभर मी रात्री साडेदहाला बसून दोन वाजता उठत होतो. खेळाच्या गोडीपेक्षा हरण्याची लाज मोठी होती. डाव दहा-पंधरा मिनिटांचा; "एक जिंकू आणि उठू" असे म्हणता म्हणता रात्र सरे. मधूनच उठावे, तर पाच भिडू अडचणीत येतात. पाचव्या दिवशी सकाळी द्वारका चौकात माझा ब्रेक उशिरा लागला. पुढची रिक्षा वीतभर अंतरावर राहिली. खेळात बाद झालेला नायक काही सेकंदांत पुन्हा उभा राहतो. द्वारका चौकात तशी सोय नाही.

डोळ्याला दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. तरुणपणानंतर हा वेळ हळूहळू वाढतो. तो वयाचा भाग झाला. जागरणाने मात्र तो एका रात्रीत वाढतो. सलग १७ ते १९ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची! सकाळी सहाला उठलेल्या माणसाचे १७ तास रात्री अकरालाच भरतात.

आणखी एक गंमत पाहा. नवे कौशल्य मेंदूत पक्के होण्यास झोपेचा मोठा हातभार लागतो. म्हणजे गंजलेला हात बसावा म्हणून जो जागतो, तो आपल्याच सरावावर पाणी ओततो.

म्हणून गेमच बंद करावा, असे मात्र माझे मत नाही. प्रौढ माणसाने खेळू नये असे कुठे लिहिले आहे? परगावी गेलेल्या मित्रांबरोबर अर्धा तास हसतखेळत गेला, तर तोही आरोग्याचाच भाग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात १ जानेवारी २०२२ पासून गेमिंगचा विकार समाविष्ट आहे, हे खरे. पण ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळच मोठा वाटणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, ही लक्षणे साधारणपणे वर्षभर दिसली तरच त्याला विकार म्हणतात. आठवडाभराच्या जागरणाला खूळ म्हणावे. पण खूळही वेळीच आवरले पाहिजे.

मी आता पुढील पथ्ये पाळतो. बसण्यापूर्वीच डाव ठरवायचे, तीन म्हणजे तीनच. शेवटचा डाव हरलो तरी उठायचे. रात्री दहानंतर संगणक बंद. दोन डावांच्या मध्ये उठून पाणी प्यायचे, खिडकीतून दूरवर पाहायचे. पडद्याकडे टक लावल्याने पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. सुरुवातीला संगणकाविरुद्ध सराव करायचा, म्हणजे कोणाच्या शिव्या खाव्या लागत नाहीत.

आणि भाच्याचा सल्ला योग्यच होता. मी आता मागे राहून भिडूंना बरे करतो. तेथे नेमापेक्षा लक्ष ठेवणे अधिक लागते, आणि ते या वयात जमते. हात हळूहळू बसतो आहे. साडेदहाला मी अंथरुणात असतो.